फुटाला तीन सूत

कोल्हापुरात लहान वस्तूला मान नाही. पैलवान दारातून तिरका होऊन आत आला पाहिजे, रश्श्याचा तवंग वाटीच्या काठावर आला पाहिजे, आणि चौकातल्या वाढदिवसाच्या फलकावर 'दादां'चं डोकं खाली उभ्या असलेल्या रिक्षापेक्षा मोठं दिसलं पाहिजे. चमचाभर रस्सा, मध्यम मिशी, हळू आवाजात वाद हे प्रकार पुण्याकडे चालतात. त्यामुळे या गावात एखाद्याला प्लास्टिकची विमानं जोडायचा नाद लागला, तर तो तळहातावर मावणारं विमान जोडेल ही अपेक्षाच चूक. आमचे मिस्त्री जे जोडतात ते उचलायला दोन हात लागतात, ठेवायला कपाट लागतं आणि सहन करायला काकी लागतात.

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत मिस्त्रींचं खरं नाव फक्त वीजबिलावर उरलंय. बाकी सगळ्यांना ते 'विमान मिस्त्री'. रिक्षावाल्याला "विमान मिस्त्रींच्यात सोड" म्हटलं की पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. नवा रिक्षावाला असला तर तो उजळाईवाडीला विमानतळावर नेतो, एवढाच धोका.

मिस्त्री मूळचे पॅटर्न मेकर. शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्रीत त्यांची हयात गेली. बिडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी पॅटर्न लागतो. तो वाळूत दाबून काढला की उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न नेमका तेवढा मोठा ठेवायचा. किती मोठा? फुटाला एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे ज्यांच्या घरी सुतार येऊन गेलाय त्यांना माहीत आहे; फर्निचर दुकानातून आणणाऱ्यांसाठी सांगितलं. तर जन्मभर फुटाला एक सूत वाढवत आलेला हा माणूस निवृत्त झाला आणि दोन महिने घरातल्या दारांच्या बिजागऱ्या ठीक करत हिंडला. तिसऱ्या महिन्यात बिजागऱ्या संपल्या. शेजारच्या बिजागऱ्यांकडे त्यांची नजर वळायला लागली, तेवढ्यात आय.टी.तला भाचा परदेशातून आला आणि मिस्त्रींच्या नातवासाठी एक मोठं खोकं घेऊन आला.

नातवानं खोकं हलवलं, आत खुळखुळ वाजलं, बटण कुठंच दिसलं नाही, म्हणून त्यानं ते ठेवून दिलं. रात्री जेवणं झाल्यावर मिस्त्रींनी झाकण उघडलं. आत करड्या प्लास्टिकच्या चौकटी, आणि चौकटींना लोंबणारे शेकड्यानं भाग. चाकं, पंखे, बंदुका, वैमानिकाची खुर्ची. मिस्त्रींनी चष्मा लावला, एक चौकट दिव्यासमोर धरली आणि काकींना हाक मारली.

"अगं, ह्यो रनर हाय की! आन् हे बग, गेट! हितनं रस आत गेलाय!"

काकी उठून आल्या नाहीत, पण मिस्त्री त्या रात्री झोपले नाहीत. ज्याला आपण परदेशी खेळणं समजतो ते निव्वळ ओतकाम आहे, हा शोध त्यांना लागला होता. वितळलेलं प्लास्टिक रनरमधून वाहतं, गेटमधून भागात शिरतं, साच्याच्या दोन अंगांच्या मधून बाहेर आलं तर पातळ पापुद्रा सुटतो. फौंड्रीतले सगळे गुण आणि सगळे अवगुण. एका खोक्यातलं विमानाचं पोट वाकडं निघालं, तेव्हा त्यांनी कंपनीला शिव्या दिल्या नाहीत. हळहळले. "पोरानं शिफ्ट संपायच्या घाईत साचा उघडलाय," म्हणाले. "गार होऊ द्यायला पायजे हुतं."

या छंदात मापं ठरलेली असतात. खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याचं, अठ्ठेचाळिसाव्या, बत्तिसाव्या, चोविसाव्या. जगभरातले शौकीन बहुतेक बहात्तरात रमतात. स्वस्त पडतं, जागा कमी लागते, शोकेसमध्ये आख्खं हवाईदल मावतं. मिस्त्रींनी हे माप पहिल्याच दिवशी निकालात काढलं, आणि ते केवळ कोल्हापुरी म्हणून नव्हे. त्यांच्याकडं कारण होतं.

"बत्तीस म्हंजे काय? फुटाला तीन सूत. अठ्ठेचाळीस म्हंजे फुटाला दोन. चोवीस म्हंजे चार. सरळ हिशेब. आन् बहात्तर? फुटाला एक सूत, वर सुताचा तिसरा हिस्सा! हे काय माप झालं मर्दा? ह्ये कुठल्या पट्टीवर बघायचं?"

चार सुतांची विमानं खिशाला परवडेनात, दोन सुतांची डोळ्यांना पुरेनात. तेव्हा तीन सुतांवर तडजोड झाली. या मापात स्पिटफायरचे पंख टोकापासून टोकापर्यंत पस्तीस सेंटीमीटर भरतात आणि हंटर विमान लांबीला चव्वेचाळीस. मिस्त्रींच्या घरात दोन खोल्या.

आता स्वस्ताईकडं येतो, कारण मिस्त्रींचा खरा छंद तो आहे. विमानं हे निमित्त. त्यांचा नियम असा, की अडीच हजारांवर एक रुपयाही किटला घालायचा नाही. हा नियम पाळणं सरकारनं अवघड करून ठेवलंय. जकातीच्या यादीत बाहुल्या, तीनचाकी सायकली, कोडी आणि मापात केलेल्या प्रतिकृती सगळ्या एकाच कलमात बसतात, खेळणी म्हणून. या कलमावरची आयात जकात २०२० साली वीस टक्क्यांवरून साठ झाली आणि २०२३ साली सत्तर. मिस्त्रींना सत्तर टक्क्यांचं दुःख आहेच, पण त्याहून मोठं दुःख शेजाराचं आहे. "स्पिटफायर आन् भावली एका कलमात?" असं ते रेशनच्या रांगेतसुद्धा विचारतात. एकदा भाच्यानं इंग्लंडहून एअरफिक्सचं किट आणलं. खोक्याच्या कडेला बारीक अक्षरात 'मेड इन इंडिया' छापलेलं. एअरफिक्सची बरीच किटं मधल्या काळात खरोखरच भारतात ओतली जात होती. आपल्याकडं ओतलेलं विमान बोटीनं विलायतेला गेलं आणि भाच्याच्या बनियनांत गुंडाळून कोल्हापूरला परत आलं, यात कुणाचा किती फायदा झाला याचा हिशेब मिस्त्री अजून करतायत.

मग मार्ग काय? अर्धवट किटं. पुण्या-मुंबईत अशी माणसं भरपूर, जी उत्साहानं मोठं खोकं घेतात, दोन रविवार बसतात, बोटं चिकटवून घेतात आणि लग्न झालं की ते माळ्यावर टाकतात. मिस्त्री ही टाकलेली विमानं कवडीमोलानं गोळा करतात. एकाला चाक नाही, एकाला शेपूट नाही, एकाच्या काचेवर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा कायमचा. हरवलेला भाग पाहिला की मिस्त्री खुलतात. उरलेल्या भागाचा प्लास्टरमध्ये साचा, त्यात एम-सील, कानस मारून जुळा भाऊ तयार. "पूर्ण किट जोडायला काय, कोनबी जोडंल," हे त्यांचं मत. सगळे भाग असलेलं किट त्यांना जरा अपमानास्पदच वाटतं.

हत्यारांचंही तसंच. या छंदासाठी परदेशात खास चिमटे, खास कानशी, खास करवती मिळतात. मिस्त्री गुजरीत गेले आणि सोनाराची जुनी हत्यारं घेऊन आले. पॅनेलच्या रेघा कोरायला दातांच्या डॉक्टरानं बाद केलेली आकडी. डिंक घालायला इंजेक्शनची सिरिंज. डिंकही घरचाच: रनरचे तुकडे थिनरमध्ये विरघळवून केलेला. "फौंड्रीत रनर फेकत न्हाईत, परत भट्टीत घालत्यात," हा त्यामागचा सिद्धांत. तोच रनर मेणबत्तीवर धरून ताणला की केसासारखी तार निघते, ती विमानाची एरियल. सांध्यांत गॅरेजवाल्यांची लांबी. विमानावरची अक्षरं आणि वर्तुळं रंगवायला लागणारी कटिंगं नंबरप्लेटच्या रेडियमवाल्याकडून. तो रेडियमवाला पहिल्यांदा फार बिचकला. 'आई अंबाबाईचा आशीर्वाद' कापणाऱ्या माणसाला मिस्त्रींनी सात मिलिमीटर उंचीचं 'धोका: इथे पाय ठेवू नये' कापायला सांगितलं होतं.

रंगाचा फवारा मारायला एअरब्रश लागतो. मिस्त्रींना तो लागत नाही, कारण कोल्हापुरात कुंभार गल्ली आहे. तिथं गणपतीच्या मूर्तींना अंगरंग देणारे कारागीर कॉम्प्रेसरवर असा हात चालवतात की बघत राहावं. अनंत चतुर्दशी झाली की ते जरा मोकळे होतात आणि मिस्त्री विमान घेऊन हजर होतात. त्यामुळं आमच्या मिस्त्रींच्या विमानांचं उत्पादन हंगामी आहे. ज्येष्ठ-आषाढात लांबी आणि घासकाम, भाद्रपदानंतर रंग. एका विमानाच्या पोटाचा आकाशी नीट निरखला तर शिल्लक पीतांबराची सोनेरी झाक त्यात सापडते.

रंग जुळवण्याची गोष्ट सांगायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानांवर हिरव्यासोबत एक तपकिरी असे. या तपकिरीच्या नेमक्या छटेवरून जगभरचे शौकीन एकमेकांशी बोलणं सोडतात. मिस्त्रींनी भाच्याच्या मोबाइलवर फोटो पाहिला आणि म्हणाले, "जरा जास्त कडलेला गूळ." मग मार्केट यार्डातून नेमक्या त्या रंगाची ढेप शोधली, तिचा खडा फडक्यात बांधला आणि रंगाच्या दुकानात जाऊन कॉम्प्युटरच्या रंग जुळवणाऱ्या यंत्राखाली ठेवला. दुकानदाराला आधी वाटलं नैवेद्य आहे. यंत्रानं पहिल्यांदा भलताच काळपट रंग काढला, कारण खड्यावर मुंगी होती. मुंगी झटकल्यावर रंग बरोबर आला. अर्धा लिटरपेक्षा कमी मिळत नव्हता. विमानाला चार चमचे लागला. उरलेल्या रंगात मिस्त्रींची मोरी, शिडी आणि सायकलचं कॅरिअर हे सगळं १९४१ सालच्या ब्रिटिश लढाऊ छटेत रंगलंय.

हे सगळं एका वहीत लिहिलेलं आहे. लाल पुठ्ठ्याची, दुकानदार वापरतात तसली लांब वही. खर्चाचा रकाना तिच्यात नाही. रकाना एकच: 'वाचवले'. 'एअरब्रश न घेतल्याने वाचवले, ९,०००.' 'नवीन किटऐवजी शेपूट नसलेले घेतल्याने, ४,२००.' 'विलायती डिंक, ६५०.' पानाखाली बेरीज, ती पुढच्या पानावर ओढलेली. गेल्या दिवाळीत बेरीज एक लाख चौऱ्याऐंशी हजारांवर गेली आणि मिस्त्रींनी ती आम्हाला चहा पिताना वाचून दाखवली. काकी फराळाचं ताट ठेवत म्हणाल्या, "कुठायत?"

मिस्त्रींना प्रश्न कळला नाही. "काय कुठायत?"

"एक लाख चौऱ्याऐंशी हजार."

"अगं, ते वाचवलेत."

"व्हय, पण ठेवलेत कुठं?"

मिस्त्री माझ्याकडं बघायला लागले. मी चकली घेतली.

त्या गुळाच्या रंगाच्या विमानाचं मोठं प्रकरण झालं. ते होतं रेवेलचं स्पिटफायर मार्क दोन, बत्तिसातलं, एका पंखाचं टोक नसलेलं. जोडून झाल्यावर त्यावर खुणा कुणाच्या रंगवायच्या यावर मिस्त्री कितीतरी दिवस अडून बसले. इंग्रजांच्या नकोत म्हणाले. घरात इंग्रज नको. शेवटी भाच्यानंच सुचवलं: पोलिश. ब्रिटनच्या हवाई लढाईत पोलिश वैमानिकांची ३०३ क्रमांकाची स्क्वाड्रन होती. १९४० च्या त्या उन्हाळ्यात ती हरिकेनवर लढली, शत्रूची १२६ विमानं पाडल्याचा दावा तिच्या नावावर आहे, आणि पुढं १९४१ मध्ये तिला स्पिटफायर मिळाली. अंगावर 'आर एफ' अक्षरं, नाकाजवळ लाल-पांढऱ्या चौकोनांची छोटी खूण.

"पोलंडचं?" मिस्त्री उठून उभेच राहिले. "म्हंजे आपल्या वळिवड्याचं पाव्हणं की!"

वळिवड्याची हकिकत जुन्या कोल्हापूरकरांना सांगावी लागत नाही. युद्धात रशियानं सैबेरियाकडं हाकललेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं जवळपास पाच हजार माणसं कोल्हापूरशेजारी वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं; कित्येकींचे नवरे आणि भाऊ लढाईवर. ती गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतून आलेले सिंधी राहायला आले आणि त्याचं गांधीनगर झालं, जिथं आज आख्खा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला जातो. मिस्त्रींच्या आईनं म्हणे त्या गोऱ्या बायकांना बाजारात वांगी घासाघीस करून घेताना पाहिलं होतं. घासाघीस करणाऱ्या माणसांबद्दल मिस्त्रींना मुळातच आदर.

त्यामुळं विमान पुरं झाल्यावर ते वळिवड्याला नेऊन आणायचं ठरलं. का, असं मी विचारलं नाही. मिस्त्री स्कूटरवर पुढं, मी मागं, माझ्या दोन्ही हातांत शालीतून बाहेर काढलेलं स्पिटफायर. गावाबाहेर पडल्यावर वारा लागला आणि नाकावरचा पंखा आपोआप फिरायला लागला. मिस्त्रींनी आरशात पाहिलं. त्यांचा चेहरा मी आधी असा कधी बघितला नव्हता.

"वेग किती हाय आपला?"

"चाळीस असंल."

जरा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "बत्तीस चोक एकशे अठ्ठावीस. म्हंजे विमान आत्ता बाराशे ऐंशीनं चाललंय."

"बरं मग?"

"स्पिटफायर एवढं पळत न्हवतं. पाचशे सत्तरच्या आसपास, लई झालं तर."

आणि त्यांनी स्कूटर अठरावर आणली. पुढचा सगळा रस्ता आम्ही अठराच्या वेगानं कापला. मागं कापडाच्या गाठी घेतलेले टेम्पो, त्यामागं एस.टी., त्यामागं आणखी काहीतरी. हॉर्नचा नुसता कल्लोळ. एक टेम्पोवाला शेजारून जाताना कोल्हापुरी भाषेत जे बोलला त्यात आमच्या दोघांच्या घराण्यांचा उल्लेख होता. मिस्त्रींनी मान वळवून त्याला शांतपणे सांगितलं, "कमाल वेगानं चाललोय, भावा."

मोठ्या विमानांची खरी अडचण जागेची. कपाटांचे माथे भरले, फ्रिजवर हंटर बसलं, शिलाई मशिनवर मिग-२१ आलं. त्या मिगवर तर मिस्त्रींचा विशेष जीव, कारण ते आपल्या नाशिकला, ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बांधलं जात होतं. २०२५ च्या सप्टेंबरात हवाईदलानं मिगला निरोप दिला त्या दिवशी मिस्त्रींनी शिलाई मशिनला हार घातला. काकींना त्या दिवशी ब्लाऊज शिवायचं होतं.

आणि मग लिबरेटर आलं. हे अमेरिकेचं चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान. तीन सुतांत ते एक मीटरच्या वर गेलं असतं, म्हणून मिस्त्रींनी आयुष्यात एकदाच तत्त्वाला मुरड घालून दोन सुतांचं घेतलं. तरी पंख सत्तर सेंटीमीटर. मोनोग्रामचं जुनं किट, तीन पंखे गायब, किंमत जवळजवळ फुकट. या विमानावर मिस्त्रींचा जीव जडण्यामागं इतिहास आहे. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी कानपूरला अशी विमानं मोडून टाकून दिली, कारण उधारीच्या करारात ती अमेरिकेला परत करायची नाहीतर निकामी करायची असं होतं. स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या भंगारातून चाळीसच्या वर विमानं पुन्हा उभी केली, ती उडवत बंगळूरला नेली आणि आपलं हवाईदल ती १९६८ पर्यंत वापरत होतं. मिस्त्री ही गोष्ट सांगताना आवाज खाली आणतात. अर्धवट सोडलेलं, भाग हरवलेलं, दुसऱ्यानं टाकून दिलेलं विमान जोडून उडवायचं: देशानं हे आधी करून ठेवलंय म्हटल्यावर काकी काय बोलणार? ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घरच्या घरी बनवला, त्या गावाला हे नवीन नाही, असंही ते वर जोडतात.

वर्तुळाच्या खुणेवरून मात्र घोळ झाला. १९५० पूर्वी आपल्या विमानांवर अशोकचक्र होतं, नंतर केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ आलं. मिस्त्रींना पहिलं हवं होतं. पण एवढ्याशा चक्रात चोवीस आरे कापायला रेडियमवाल्यानं साफ नकार दिला. "मिस्त्री, सोळा बसतील," तो म्हणाला. मिस्त्रींनी त्याच्याकडं पाहिलं आणि विमानाचं साल बदललं.

हे विमान ठेवायला आता फक्त छत उरलं होतं, आणि छताला एकच हूक होता, पाळण्याचा. सूनबाईंना दिवस गेल्याची बातमी त्याच आठवड्यात आली. वाटाघाटी बरेच दिवस चालल्या. मिस्त्रींचं म्हणणं, बाळ काय आज लगेच येत नाही. काकींचं म्हणणं, विमान काय आज लगेच उडत नाही. शेवटी लिबरेटर तात्पुरतं टेबलावर उतरवलं गेलं, नेमकं संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी. या विमानाला पुढं नाकाखाली चाक असतं. नाकात पुरेसं वजन नसलं तर मॉडेल शेपटीवर बसतं. मिस्त्रींनी रंकाळ्यावर गळ टाकणाऱ्यांकडून शिसं आणून नाकात भरलं होतं, पण स्वस्ताईच्या हिशेबात दोन गोळ्या कमी. आठ-दहा सुवासिनी बसलेल्या, काकी वाण देतायत, आणि टेबलावरचं बॉम्बफेकी विमान कुणी हात न लावता हळूहळू नाक वर करून मागं बसलं. एक आजी हात जोडून उठल्या. बाकीच्या तिळगूळ घेऊन लवकर गेल्या.

गल्लीच्या तरुण मंडळाला मिस्त्रींचं महत्त्व पटलं ते गणपतीच्या देखाव्याच्या वेळी. देखावा लोंगेवालाचा, डिसेंबर १९७१. वाळवंटात रणगाडे, वरून आपली हंटर विमानं, धूर, आवाज, शेवटी तिरंगा. हंटर फ्रिजवर तयारच होतं. मिस्त्री बघायला गेले तर पोरांनी थर्माकोलचे रणगाडे केलेले, एकेक तीन फूट लांब.

"हे काय हाय?"

"रणगाडा, मिस्त्री."

"खरा रणगाडा सहा मीटर. बत्तिसात एकोणीस सेंटीमीटर झाला. ह्यो रणगाडा न्हवं, ह्यो साखर कारखाना हाय."

"लोकांना लांबनं दिसाय पायजे की!"

"मग लोकांना जवळ बोलवा."

वाद रात्री एकपर्यंत चालला. मंडळाचा अध्यक्ष तालमीतला, विचार करणारा गडी. त्यानं शेवटचा मुद्दा काढला. "मिस्त्री, रणगाडं बत्तिसात, विमान बत्तिसात, मान्य. पण मागं आपला बाप्पा नऊ फुटी. त्येचं काय करायचं?"

मिस्त्री विचारात पडले. गल्ली गप्प. मग म्हणाले, "देवाला स्केल नसतंय." आणि घाईघाईनं पुढं, "उंदराचं मातूर बघावं लागंल."

मुलगा हैदराबादला असतो. दुसरा नातू झाला तेव्हा त्यानं आईवडिलांना विमानाची तिकिटं पाठवली. ज्या माणसाचं घर विमानांनी भरलंय तो तोवर एकदाही विमानात बसला नव्हता, हे तेव्हा गल्लीच्या लक्षात आलं. उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ सालचा, राजाराम महाराजांच्या काळातला. मिस्त्रींनी तो कुंपणाच्या बाहेरून कितीदा पाहिला असेल याला गणती नाही. आत पहिल्यांदाच जात होते. विमान होतं ए.टी.आर. ७२. नाव ऐकूनच त्यांचं तोंड कडू झालं. "हितंबी बहात्तर!"

तपासणीत त्यांच्या पिशवीत व्हर्नियर निघाला.

"काका, हे काय?"

"व्हर्नियर."

"कशाला?"

"विमान मोजायला."

तो सामानात टाकावा लागला. काकी सांगतात, पुढचा सगळा वेळ हे खिडकीला नाक लावून. या विमानाचे पंख छताच्या वर असतात, त्यामुळं खिडकीतून पंखाचं पोट आणि इंजिनाची बाजू स्वच्छ दिसते. मिस्त्रींनी रिबिटांची रांग पाहिली. तेलाचा ओघळ पाहिला. एका झाकणाचा रंग शेजारच्या पत्र्यापेक्षा फिका पाहिला. हवाईसुंदरी पाणी द्यायला आली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "हितं लांबी भरलीया का?" ती हसली आणि पुढं गेली. हैदराबादला उतरल्यावर मुलानं विचारलं, "कसं वाटलं बाबा?" मिस्त्रींनी इकडंतिकडं पाहिलं, आवाज उतरवला. "खऱ्या विमानाला फिनिशिंग न्हाई."

पण मनात ते बसलं. इतकी वर्षं आपण विमानं नवरीसारखी चकचकीत ठेवली आणि खरी विमानं तर मळलेली असतात! परत आल्या आल्या त्यांनी निरांजनाची काजळी, मिसरीची पूड आणि मशिनचं जुनं तेल घेऊन सगळ्या ताफ्यावर मळ चढवायला घेतला. हंटरच्या पोटावर ओघळ, मिगच्या शेपटीवर काजळी, लिबरेटरच्या चारी इंजिनांमागं धुराचे पट्टे. कुंचल्याच्या एकेका केसानं, रात्र रात्र जागून. माझ्या मते ते त्यांचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम होतं. दिवाळीच्या आधी घर आवरताना काकींनी ओलं फडकं घेतलं आणि आठही विमानं अर्ध्या तासात लखलखीत केली.

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी लाल वही उघडली, आणि इतक्या वर्षांत प्रथमच पट्टी घेऊन एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, 'नुकसान.' खाली: 'मळ, पुसला. ३,०००. हस्ते: घरची.'

काकींनी ती नोंद वाचली. चष्मा लावून, दोनदा. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी होती. त्या एकट्याच रिक्षा करून गुजरीत गेल्या आणि दिवेलागणीला परत आल्या तेव्हा हातात नव्या पाटल्या होत्या. मिस्त्री लिबरेटरच्या नाकात शिसं भरत बसले होते. काकींनी वही ओढली, 'वाचवले'च्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'घडणावळीत घासाघीस करून, ६,५००', आणि वही त्यांच्यापुढं सरकवली.

मिस्त्रींनी पाटल्यांकडं पाहिलं. वहीकडं पाहिलं. कानामागची पेन्सिल काढून बेरीज पडताळली. बरोबर होती.